कोलंबी नव्हती

प्रिय सुमन,

आज सकाळी हिराबाई आली होती. कळंबची, आपली मासळीवाली. आपल्या मजल्यावर ती किती वर्षांनी आली! टोपली खालीच ठेवून आली, दारात उभी राहिली आणि रडायला लागली. ती गेल्यापासून मी अस्वस्थ आहे. हे बोलायचं ते फक्त तुझ्याशी, म्हणून लिहायला बसलोय.

"भाऊ, खरं सांगा," ती म्हणाली. "बाईंना माज्या कोलंबीनंच नेलं ना? खालची लोकं तसंच म्हनतात. तेव्हाचंच काय ते अंगात राहिलं, म्हनतात. वर्षभर इचारायचा धीर नाय झाला."

आणि मी काय केलं? "तसं काही नाही हो" असं पुटपुटलो आणि तिला पाणी दिलं. ती पाणी प्यायली आणि डोळे पुसत जिना उतरली.

खरं सांगायचं म्हणजे तुझं गुपित उघडं करायचं, सुमन. तू गेलीस तेव्हापासून मी ते कोणालाही सांगितलेलं नाही. लोक विचारायचे, अचानक काय झालं? मी म्हणायचो, ॲलर्जी. कसली, ते त्यांचं त्यांनी ठरवून टाकलं. तुला कोलंबी चालत नाही हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतंच. मीच तर डांगोरा पिटला होता!

किती लाजायचीस गं! आमच्या साताऱ्याच्या घरी सकाळच्या चहाबरोबर हाच विषय. आज पोट साफ झालं की नाही, हे अण्णा गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे. नवी नवरी तू, कप उचलून आत निघून गेलीस. "शी! काय माणसं आहात तुम्ही!" मला वाटलं, किनारपट्टीवरच्या पापडी गावात, वाडीत वाढलेल्या मुलीला हा त्रास ठाऊकच नसणार.

पण त्रास होता. नंदाखाल गावच्या ज्या शाळेत तू शिकवायचीस, तिथे बाईमाणसाला जायची धड सोय नव्हती, म्हणून तू दिवसभर पाणीच प्यायची नाहीस. बाटली भरलेली न्यायचीस आणि भरलेलीच आणायचीस. संध्याकाळी ते पाणी मी गॅलरीतल्या मोगऱ्याला घालायचो आणि तुला चिडवायचो, की आपला मोगरा शिकून मोठा होणार. चिडवायचं सुचलं, पण बाटली भरलेली का, ते विचारायचं नाही सुचलं.

मग तू औषधाच्या दुकानातून पोट साफ व्हायच्या पुड्या आणायला लागलीस. गुपचूप. माझ्यापासून काय लपवायचं होतं त्यात? मी अण्णांचाच मुलगा ना!

तो रविवार आठवतो? हिराबाईची ताजी कोलंबी होती. लग्नाआधी मी घाटी माणूस कोलंबीला किडा म्हणायचो, आणि तुझ्या हाताने असा बाटलो की कालवण संपल्यावर भांडंही पुसून खायचो. त्या दुपारी तुझ्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? तू म्हणालीस, कोलंबी. खोटं नव्हतंच ते. जेवणानंतर पाण्यात ढवळून घेतलेली पुडी तेवढी सांगायची राहिली.

दुसऱ्या वेळी तर घरात कोलंबी नव्हती, मांदेली होती. तरी गांधी आल्या, वर धापही लागली. मी तणतणत खाली गेलो आणि हिराबाईला चारचौघांत वाटेल ते बोललो. सगळी मासळी एकाच टोपलीत कशी ठेवता म्हणून! "रोज धुते मी टोपली, भाऊ," ती एवढंच म्हणाली. तू जिन्यात उभी होतीस आणि एक शब्द बोलली नाहीस. तुलाही तेव्हा कळलं नव्हतं, असं मी धरून चालतो. कळलं होतं का गं?

त्यानंतर घरातून मासळीच गेली. पापडीची पोर तू, वरणभातावर आलीस! शेजारी कालवण शिजायला लागलं की उठून खिडकी लावायचीस.

आणि ती शेवटची तपासणी. पोटाचं दुखणं वाढलं म्हणून आतड्यात दुर्बीण घालून बघणार होते. कशाची ॲलर्जी आहे का, असं विचारलं त्यांनी. तू तोंड उघडायच्या आत मीच हुशारीने सांगितलं, "कोलंबी!" आदल्या दिवशी दुपारी पोट रिकामं करायची ती पावडर मी स्वतः पाण्यात कालवली. दुसरा ग्लास संपवलास आणि तळहात खाजवायला लागलीस.

रिक्षात तुझा आवाज निघत नव्हता. तरी माझा शर्ट धरून म्हणालीस, "अहो, ती कोलंबी नव्हती. पुड्यांतही हेच असायचं. दोन्ही वेळेला..." मी म्हणालो, "बोलू नकोस, नुसता श्वास घे." आयुष्यभर न बोललेलं तू बोलायला लागलीस आणि मी तुला गप्प केलं! हॉस्पिटलच्या दारात रिक्षा थांबली तेव्हा तुझी पकड सुटली होती.

डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं. त्या औषधातलं एक द्रव्य क्वचित कुणाला सोसत नाही. आधी ठाऊक असतं तर दुसरं औषध दिलं असतं. एवढंच. एका वाक्याचं काम होतं, सुमन. मला नाही, तर निदान त्यांना तरी सांगायचंस!

दोघांचंच घर आपलं. आता दिवसभर कुणाचा आवाज नाही. मी टीव्ही लावतो आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो, म्हणजे घरात कुणीतरी आहे असं वाटतं. सकाळी तुझी बाटली भरून ठेवतो आणि संध्याकाळी मोगऱ्याला घालतो. त्याला सवय आहे म्हणून, असं स्वतःला सांगतो. खरं तर सवय मलाच आहे. फार एकटं वाटतं गं.

पण ते हिराबाईने का भोगायचं? तिची टोपली स्वच्छच होती. तुझी लाज सांभाळता सांभाळता मी तिच्या डोक्यावर तुझं मरण देऊन बसलो. तूच असतीस तर हे चालवून घेतलं असतंस?

म्हणून शब्द देतो. उद्या ती आली की खाली जाईन. जिथे तिला बोललो होतो तिथेच उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगेन, की बाई गेल्या त्या पोट साफ करायच्या औषधाने. अण्णांच्या आवाजात सांगेन! तू रागावशील, कप उचलून आत जाशील. जा. पण मी सांगणार.

आणि मग तिच्याकडून कोलंबी घेईन. सोलायची कशी, तेही तिलाच विचारेन. कालवण बिघडेल, पण पहिलं ताट तुझं वाढेन. पोटभर जेव. तुला कोलंबी चालत होती, सुमन. कायमच चालत होती.

तुझाच,
घाटी