पाचव्या घराची कमान

कराड, ५ जुलै २००९

चि. मुरलीधर यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं म्हणजे अप्पा आठवडाभर धड जेवलेले नाहीत. कारण ऐकून हसशील. पणजोबांचं ठासणीचं रिव्हॉल्व्हर बिघडलं.

नळीत शिसं ओतून सरकारने ते कधीच मुकं केलंय, पण आपली खंडेनवमी त्याच्यावाचून होत नाही. पूजा झाली की अप्पा घोडा ओढतात, चक्र एक घर सरकतं आणि दर घराला एक नाव घ्यायचं. पणजोबा, आजोबा, अप्पा, मी, तू, आणि सहाव्याला अंश. परवा तेल देताना अप्पा सवयीने नावं घेत बसले होते. चार घरं नीट सरकली. तुझं नाव घेतलं आणि आत कट् झालं. घोडा नुसताच हलतो, चक्र जागचं हलत नाही. उघडून पाहिलं तर चक्राला ढकलणारं जे लोखंडी बोट असतं ना, त्याच्या पाठीची पातळ कमान तुटली आहे.

तेव्हापासून एकच घोकणं, मुरल्याचं काहीतरी अडलंय. मी म्हटलं, अप्पा, तुम्ही एस.टी. वर्कशॉपात फोरमन होतात की ज्योतिषी? पण ऐकतील तर शपथ. हाताने चक्र फिरवलेलं चालत नाही आणि मोडकं शस्त्र पूजेला मांडत नाहीत. इथला घड्याळजी बंदुकीचं नाव काढताच हात जोडतो. अप्पा म्हणतात, मुरल्या इंजिनिअर आहे, तोच करील. रिव्हॉल्व्हरच पापडांत गुंडाळून पाठवणार होते, पण शेजारची मिहिका दुबईला परत निघालीय, ती नको म्हणाली. म्हणून तुकड्यांचा कणकेत ठसा घेतलाय. फराळाच्या डब्यात आहे.

अर्चनाला, अंशला आशीर्वाद. आमच्यावर माया आहे ती पत्राच्या आकाराने मोजता येऊ दे, चार ओळींत उरकू नकोस.

तुझी,
साधनाताई

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई, २४ जुलै २००९

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

डबा पोचला. चकल्या एक नंबर. ठशाचं मात्र काय सांगू! अर्चनाला वाटलं, ताईंनी शंकरपाळ्यांचा नवा प्रकार कच्चाच पाठवलाय. तिने तो तळला. टम्म फुगला. अंशने अर्धा खाल्ला आणि ‘इट नीड्स शुगर’ म्हणाला. तुझं पत्र डब्याच्या तळाशी, ते नंतर हाती लागलं. अर्चना दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जणू ठसा मीच पाठवला होता.

आणि रिव्हॉल्व्हर पाठवायचं मनातही आणू नका. अगं, इथे खसखस आणली तरी विमानतळावर अडवतात, तुम्ही बंदूक कसली पाठवता? तुझ्या पापडांपायी मिहिकाने पोलिसांत जाऊन बसायचं का? ठसाच दे, पण खाता येणार नाही असा.

माझं उत्तम चाललंय. मंदीमुळे साइटवर कामाचं प्रेशर थोडं कमी आहे, एवढंच. अप्पांना सांग, मुरल्याचं काही अडलेलं नाही.

मोठ्यांना नमस्कार. रागावलीस तरी चालेल, रुसू नकोस.

तुझा,
मुरली

कराड, २६ ऑगस्ट २००९

चि. मुरलीधर यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

घरी गणपती बसले. मूर्तिकाराकडून उरलेला शाडू मागून आणला आणि त्यात ठसा घेऊन वाळवला. भिकाजीकाकांचा जावई अबू धाबीला निघालाय, त्याच्याबरोबर धाडते. आता हाही अर्चनाने तळला तर मी तिचे पाय धरीन.

तुझं पत्र अप्पांना वाचून दाखवलं. काही अडलेलं नाही हे वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं आणि कूस बदलून झोपले. आता मी विचारते. परवा तुझ्या ऑफिसच्या नंबरावर फोन केला, तर कुणी राजन म्हणून बोलला. तुझी बहीण म्हटल्यावर तो अडखळत साहेब सुटीवर आहेत म्हणाला. कसली सुटी रे? आणि आता अर्चना फोनवर सांगते, ठसा दुबईला नको, अबू धाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीला पाठवा. घर बदललंत आणि आम्हाला पत्ता नाही? मी तुझ्याहून आठ वर्षांनी मोठी आहे. तुझं शाळेतलं खोटं पोटदुखीचं तोंडसुद्धा मी ओळखत असे. खरं ते लिही. तुझ्यावर रागवायला मला तेवढं तरी कारण दे.

तुझी,
ताई

मोहम्मद बिन झायद सिटी, अबू धाबी, ९ सप्टेंबर २००९

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र अप्पांना वाचून दाखवू नकोस, तुला माझी शपथ.

मेपासून कंपनीने बिनपगारी रजेवर बसवलंय. आमचा टॉवर चौदाव्या मजल्यावर होल्डवर गेला, तो गेलाच. आता ऑक्टोबरमध्ये व्हिसा कॅन्सल. मग महिन्याभरात देश सोडायचा, खलास. दुबईचं घर सोडून इथे एका व्हिलाच्या मागच्या खोलीत राहतो. अर्चना धीराची आहे. मीच नाही. ताई, वीस वर्षं मी सुटीला येताना बॅगा भरून आलो. रिकाम्या हाताने अप्पांसमोर कोणत्या तोंडाने उभा राहू? गल्लीत त्यांनी माझं नाव किती मिरवलंय, तू ऐकलंयस. मला लाज वाटते गं. म्हणून इथेच कुठे काही मिळतं का बघतोय. रुवैसला, तिकडच्या तेलशुद्धी कारखान्यात एक अर्ज टाकलाय, इन्शाल्ला.

मुसाफ्यात, म्हणजे इथल्या गॅरेज-कारखान्यांच्या भागात, हमदुल्ला म्हणून एक पठाण ट्रकच्या कमानींचं काम करतो. त्याच्या गॅरेजात मला एक कोपरा मिळालाय. ठसा पाहून तो म्हणाला, हबीबी, एवढ्या छोट्या ट्रकची कमान मी कधी बनवली नाही. सध्या त्याचा रोजा, म्हणून मीही त्याच्यासमोर पाणी पीत नाही. हॅकसॉच्या ब्लेडची पट्टी कापून रोज घासत बसतो. पहिली बिस्किटासारखी मोडली. दुसरी मऊ पडली. तिसरी तापवून तेलात बुडवली, मग निळी होईस्तो पुन्हा ऊब दिली. ती वाकते आणि परत येते. अंश म्हणाला, ‘बाबा, इट्स जस्ट अ स्प्रिंग.’ असेल बाबा. पण चार महिन्यांत माझ्या हातून झालेली ही एकच गोष्ट आहे.

मिहिका दसऱ्याला येतेय, तिच्याकडे चष्म्याच्या डबीत दिलीय. अप्पांना म्हणावं, बाजारातून करून घेतली. माझा अपराध पोटात घाल.

तुझा,
मुरली

कराड, २९ सप्टेंबर २००९

चि. मुरलीधर यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

दसऱ्याचं सोनं तुझ्या वाटचं देव्हाऱ्यात ठेवलंय. आता नीट बसून वाच. मी शपथ मोडलेली नाही.

मिहिकाने डबी दिली. तू पढवल्याप्रमाणे मी म्हटलं की मुरलीने बाजारातून करून घेतली. अप्पांनी कमान उजेडात धरली, कडेवरून बोट फिरवलं, उलटी करून पुन्हा फिरवलं. मग म्हणाले, बाजारातला माणूस वरची बाजू चकचकीत करून देतो. ही दोन्ही बाजूंनी घासलीय, न दिसणारीसुद्धा. नोकरीवरच्या माणसाला एवढी सवड नसते, साधना. कधी गेली त्याची नोकरी?

मी रडले. तेवढं त्यांना पुरलं. मग त्यांनी स्वतःच्या हातांनी कमान बसवली, मी नुसती बॅटरी धरली. आणि बऱ्याच दिवसांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. मी चकित होऊन विचारलं, तर म्हणाले, अडलंय एवढं कळत होतं, काय अडलंय ते कळलं की माणूस जेवतो.

खंडेनवमीला रिव्हॉल्व्हर पाटावर मांडलं, झेंडू वाहिला. अप्पांनी घोडा ओढला. पणजोबा, आजोबा, स्वतः, मी. चक्र असं सरकलं की काय सांगू. पाचव्या घराला त्यांनी हात काढून घेतला. मी म्हटलं, अप्पा, कमान चांगली आहे, ओढा. ते म्हणाले,

“ठाऊक आहे चांगली आहे. पण हे घर त्याचं त्याने सरकवायचं. येऊ दे.”

पूजा अर्धी राहील, असं मी म्हटलं. त्यावर त्यांनी रिव्हॉल्व्हर होतं तसंच पाटावर ठेवायला लावलं. आजही ते तिथेच आहे, मी भोवतीने केर काढते. आणि तुला निरोप दिलाय, शब्द त्यांचेच आहेत: बॅगा आणायच्या नाहीत, हात आणायचे.

तर तिकीट काढ. पुढच्या पत्राची वाट बघणार नाही, दाराची बघते.

तुझी,
ताई