मोठा कॅम, लांब रॉकर आणि ज्वारीचं पीठ

म्हसवड,
श्रावण, सन १९४६

रा. रा. बाळगोंडा अण्णा यांस म्हसवडहून राहीबाईचा नमस्कार.

पत्राचा कोपरा फाटलेला पाहून दुकानात बसल्या जागी दचकू नका. कुणी गेलेलं नाही. कोपरा शेळीनं खाल्ला, आणि चांगला कागद टाकवेना म्हणून त्यावरच लिहिते आहे. आमच्या घरातलं जे माणूस जायचं होतं ते चैत्रातच विषमज्वरानं गेलं; उरलेली सगळी चिवट आहेत. आक्काताईंचे गुडघे कसे आहेत? चातुर्मासात त्या दिवस मावळायच्या आत जेवतात ते ठीक, पण एकाआड एक उपास करून वर जिने चढू नका म्हणावं. गुडघ्याला पुण्य कळत नाही. तुमचा खोकला सांगलीच्या हवेनं वाढतो की दुकानातल्या धुरानं, याचा निकाल लागला का?

आता मूळ गोष्ट. तुम्ही आणि आमच्या ह्यांनी मिळून आपल्या बसच्या एंजिनात तो मोठ्या उचलीचा कॅम बसवलात, आणि मूळचा साधा कॅम तुमच्या दुकानात ठेवून हे सांगलीहून परत आले, तेव्हापासून आमच्या बसची इभ्रत वाढली होती. त्याआधी, पेट्रोल मिळेना म्हणून कोळशाच्या गॅसवर, ती इतकी मरतुकडी चाले, की वर्धनगडच्या घाटाशी उतारूंनी खाली उतरायचं, चालायचं, वर थोडं ढकलायचंही, अशी रीत होती. म्हणजे तिकीट बसचं आणि प्रवास पायी. नव्या कॅमनं व्हॉल्व्ह जास्त उघडायला लागले, एंजिन पोटभर श्वास घ्यायला लागलं आणि उतारू बसल्या जागी घाट चढायला लागले. (एक म्हातारी सवयीनं तरी उतरलीच. बस पुढे निघून गेली. तिला आणायला हे मागे चालत गेले.)

चैत्रात हे गेल्यावर बस छपरात उभी होती. कोंबड्यांनी मागच्या बाकाखाली अंडी घातली. आषाढात नाथाजी भावजींनी ती बाहेर काढली आणि पहिल्याच दिवशी एंजिनातला एक रॉकर मोडला. रॉकर म्हणजे एंजिनाच्या डोक्यावरची तराजूच्या दांडीसारखी लोखंडी दांडी. एक टोक कॅम, म्हणजे फिरत्या दांड्यावरचा उंचवटा, उचलतो, दुसरं टोक व्हॉल्व्ह दाबतं. (तुम्हाला हे सांगणं म्हणजे गुरवाला बेल दाखवणं. पण आक्काताई पत्र वाचून घेतात, त्यांच्यासाठी लिहिलं.) भावजी म्हणाले, "वैनी, त्यो कॅमच काढून टाकू. जुना मागवू सांगलीस्नं. कटकट मिटंल." मी म्हटलं, कॅमला हात लावायचा नाही. अण्णा, ह्यांची धोतरं वाटली, पटके वाटले, पलंगावर भावजींची पोरं झोपतात. ह्यांच्या हातचं चालतं असं घरात तेवढंच एक उरलं आहे. हे भावजींना सांगितलं नाही. रॉकर बदला, एवढंच सांगितलं.

भावजी साताऱ्याला गेले आणि मिलिटरीच्या मोडीतून रॉकरांचा एक संच घेऊन आले. ह्यांनी बसवलेल्या रॉकरांच्या दोन्ही बाजू सारख्या होत्या. या नव्यांची व्हॉल्व्हकडची बाजू लांब. भावजींचं म्हणणं, मोठ्या कॅमला मोठेच रॉकर पाहिजेत, थोरल्या बैलाला धाकटं जू चालेल का? ह्यांनी आणलेलं मोटारीवरचं मराठी पुस्तक मी तोवर दोनदा वाचलं होतं. (मी पुडीचा कागदही वाचून मगच चुलीत घालते, हे तुम्हाला माहीत आहे.) त्यात स्पष्ट दिलं होतं की कॅमची उचल मोठी आणि रॉकरही लांब, असं दोन्ही केलं तर व्हॉल्व्ह गरजेपेक्षा खोल उतरतो आणि खालून वर येणाऱ्या पिस्टनला भेटतो. भावजी म्हणाले, "पुस्तकातलं एंजिन इलायतेत चालतंय, वैनी. आपल्याला घाट चढायचाय." जणू विलायत सपाट आहे.

शेवटी केरबा मिस्त्रीनं तोड काढली. केरबा म्हणजे बोलण्यात पुढे, हातानं मध्यम. तो म्हणाला, लिंबाएवढी कणीक द्या. पिस्टनवर थापतो, एंजिन हातानं फिरवतो, मग उघडून बघू. व्हॉल्व्हच्या ठशाखाली कणीक जाड उरली तर जागा आहे, पापडासारखी उरली तर रॉकर परत. युक्ती खरी होती. पण सासूबाई आडव्या आल्या. रेशनचा गहू सणाला म्हणून मडक्यात झाकलेला. "माणसाला मिळंना, आन् यंत्राला कणीक व्हय रं केरबा? त्येला काय बाळंतपण हाय?" असं म्हणून त्यांनी ज्वारीचं पीठ भिजवून दिलं. पीठ ते पीठ, म्हणून केरबानं तेच थापलं.

ज्वारीला चिकटपणा कुठला? एंजिन फिरलं तसं पीठ तडकलं, तुकडे बाजूला गेले आणि व्हॉल्व्ह रिकाम्या जागी पाय देऊन परत आला. उघडून पाहिलं तर तुकडे चांगले जाड. केरबा ओरडला, "बोटभर जागा हाय!" जन्मभर भाकऱ्या थापलेली बाई मी, काठाला चीर कशी पडते हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण कॅम राहतो आहे एवढंच माझ्या कानात शिरलं.

नारळ फोडला, गल्ली गोळा झाली, भावजींनी एंजिन चालू केलं. एकच आवाज झाला, घण बसावा तसा. मग काहीच नाही. व्हॉल्व्ह वाकून विळ्यासारखा झाला होता. तेवढ्यात दारातून सासूबाई म्हणाल्या, "उरल्याल्या पिठाची भाकरी टाकू का?" केरबानं खोबरं खाल्लं आणि उद्या येतो म्हणून गेला तो चार दिवस आलाच नाही.

मग त्यानं मोडीतला एक व्हॉल्व्ह बसवला, ह्यांचा मोडका रॉकर पितळेनं सांधला आणि जुना संच परत चढवला. काल संध्याकाळी अंगणात एंजिन थोडा वेळ चाललं. आवाज तोच, अण्णा. उभ्या गाडीत तसंच अडखळतं, धाप लागल्यासारखं, आणि पाय दाबला की एकदम मोकळं होतं. पण पितळेचा सांधा रस्त्यावर टिकणार नाही. तरी दोन्ही बाजू सारख्या असलेल्या आखूड रॉकरांचा संच तुमच्या दुकानात शोधावा. मुलांना आशीर्वाद, आक्काताईंना नमस्कार.

तुमची बहीण,
राहीबाई

ता. क. केरबाला तुमच्याकडे नोकरी हवी आहे म्हणतो. विचार करा. मी चांगलं-वाईट काहीच लिहीत नाही. वर लिहून झालं आहे.

ता. क. वर मागितलेले रॉकर पाठवू नका. तुमच्याकडचा जुना साधा कॅम पाठवा. हे आरंभीच लिहायचं होतं, हात वळला नाही. काल एंजिन चालू झालं तशा सासूबाई चुलीपुढून उठल्या, तांब्या भरला, आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "जोतीराम आला न्हवं का गं? पाय धुवायला पानी काढलंय." गाडी अंगणातच होती, कुठून आलेली नव्हती. भावजींनी एंजिन बंद केलं, खाली उतरले आणि आपलेच पाय पुढे केले. सासूबाईंनी पाणी घातलं. वर पाहिलं नाही. रोज संध्याकाळी हे व्हायचं असेल तर मला तो आवाज नको. साध्या कॅमला भावजींचे लांब रॉकर बरोबर चालतील, म्हणजे शेवटी तेच जिंकले. त्यांना हे तुम्ही कळवा, माझ्या तोंडून निघणार नाही. उतारू घाटात पुन्हा उतरतील. उतरू देत, पाय आहेत त्यांना.

ता. क. काढलेला कॅम भावजींबरोबर सांगलीला पाठवीन. लोखंड चांगलं आहे, घरात ठेवून गंजवायचं नाही. कुणाच्याही गाडीत बसवा. फक्त ती गाडी या रस्त्यानं जाणारी नको.