मयतात केलेली नक्कल

१२ जुलै, शनिवार

मोथिबीकाकांची टोपी मी डोक्यावर ठेवली, त्या क्षणी सगळं संपलं. तोवर मी त्यांच्या गॅरेजमधला बरा पोरगा होतो. पुढंमागं त्यांच्या मुलीसाठी, सेथुन्यासाठी, मागणी घालणार होतो.

पहाटे अंगणात काकांची शवपेटी आणली. सगळे मुके. आमच्या झिम्बाब्वेत कुणाला असं मुक्यानं पाठवत नाहीत. घरटी एक पिढीजात मित्र असतो – सहवीरा. मयतात तो गेलेल्याची नक्कल करतो, रडणाऱ्यांना हसवतो. तो त्याचा मानच. इथं बोत्स्वानात काकांना असं कुणी नव्हतं. मला वाटलं, मी आहे.

टोपी घातली. त्यांच्यासारखा पाय ओढत पेटीभोवती फिरलो. त्यांच्याच आवाजात ओरडलो – "नगोनी, पाना कुठं ठेवलास रे? तुझ्या बापाच्या झिम्बाब्वेत?"

एक म्हातारी हसली. खरंच हसली. मग सेथुन्याच्या भावानं, थुसोनं, माझा गळा धरला. "माझ्या बापाची टिंगल करतोस, उपऱ्या?"

धरला तिथवर ठीक होतं. पण मी हात उचलला. मयताच्या अंगणात, त्यांच्याच मुलावर!

१३ जुलै

ओठ सुजलाय. काल मारामारी चालली होती तेव्हा सेथुन्या भिंतीला टेकून बघत होती.

तिला सहवीरा काय ते ठाऊक आहे. माझ्या आजोबांच्या मयताची गंमत मीच तिला सांगितली होती, तेव्हा पोट धरून हसली होती. ती सांगेल घरच्यांना. तिनं एकदा तोंड उघडलं की झालं.

१५ जुलै

गॅरेजला गेलो. थुसोनं फाटक उघडलंच नाही. आतून कुणीतरी म्हणालं, "कुलूप बघा रे, झिम्बाब्वे आलंय." ही थट्टा जुनीच. माझ्या बोलण्यालाही हसायचे – तोंडात खडे धरून बोलतो म्हणे. तेव्हा काका म्हणायचे, "इंजिनाला त्याचं बोलणं कळतं, तुमचं कळत नाही. गप कामं करा."

आज तसं म्हणणारं कुणी नव्हतं.

परतताना दुकानात पाव मागितला. माझे उच्चार ऐकून शेजारच्या बाईनं पर्स छातीशी घेतली.

१६ जुलै

सेथुन्या फोन उचलत नाही.

१७ जुलै

आता फोन बंदच. कॉलेज अर्धवट सोडलं तेव्हा आई म्हणाली होती, "आधी तुझं डोकं पेटतं, मग तू विचार करतोस." असेल. पण नक्कल काही डोकं पेटून केली नव्हती. माझा माणूस गेला म्हणून केली. हे कुणाला सांगू? थुसोच्या पाया पडेन, उलटा मार खाईन. सेथुन्यानं फक्त एक वाक्य बोलावं. एकच. नाहीतर मी इथं आहे तरी कशाला?

१९ जुलै

सेथुन्या खोलीवर आली. मी चहा टाकला. विचारलं, सांगितलंस?

"मामांनी विचारलं, तुझं त्याच्याशी काही आहे का. मी नाही म्हणाले."

"आणि सहवीराचं?"

ती खाली बघत म्हणाली, "ते कसं सांगणार, नगोनी? तुम्ही लोक मयतातसुद्धा हसता."

तुम्ही लोक.

चहा गाळून तिच्यापुढं ठेवला. जॅकेट घेतलं. खोली माझी – पण ती आतच बसली होती, आणि मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं.