वेशीच्या आतला पंखा

बाबा, रविवारी आमच्या बाल्कनीतली कपडे वाळत घालायची दांडी एका बाजूने खाली आली. दोरी कुजली होती. मी नेहमीप्रमाणे माणूस बोलवायला फोन हातात घेतला, तोवर तुमची नात स्टुलावर चढली, जुन्या दोरीला दोन वेढे दिले, टोक खालून काढून ओढलं आणि दांडी जागेवर. मी विचारलं, ही गाठ कुठे शिकलीस? म्हणाली, "आजोबांनी शिकवली होती ना, खोप बांधताना. तू तेव्हा मीटिंगला गेला होतास." आता ती कॉलेजात आहे. तेव्हा नऊ वर्षांची होती, आणि तिला माझी मीटिंगसुद्धा लक्षात आहे. त्या वाक्यानंतर मला जेवण गेलं नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

तुम्ही लालबागला यायचात तेव्हा तुमचा जीव लागायचा नाही, हे मला कळायचं आणि मी न कळल्यासारखं करायचो. आधी काकांच्या चाळीतल्या खोलीत, मग या टॉवरमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर. आल्या आल्या तुम्ही बाल्कनीत जाऊन वारा कुठून येतो ते बघायचात आणि रात्री चटई तिथेच टाकायचात. कोकमाची पिशवी आणि कुळथाचं पीठ स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून सुनेला म्हणायचात, "सगळे दारा लावून बसतंत. मगे घरात माणसा आसत ता कळाचा कसा?" मी हसून सोडून द्यायचो. गावाला तुमचं दार कधी लागलं नाही. सकाळभर तुम्ही रानात, नाहीतर खाडीवर, पण जेवायच्या वेळेला घरात हजर. आईला एकटीला पान वाढून घ्यावं लागलं असा दिवस मला आठवत नाही. मी मात्र आठवड्यातून चार दिवस ऑफिसातच जेवतो.

दर तीन-चार वर्षांनी गावपळण आली की तुमच्या अंगात वेगळंच वारं शिरायचं. देवाचा कौल झाला की गुरं, कोंबड्या, कुत्री, म्हातारी माणसं, सगळा गाव वेशीबाहेर. तीन रात्री रानात खोपी बांधून राहायचं, गावात कोणी पाऊल टाकायचं नाही. तुम्ही दरवेळी फोन करायचात आणि दरवेळी मला रजा नसायची. त्या वर्षी एकदाचे आम्ही तिघं आलो. तुम्ही व्हाळापलीकडे, ओढ्याच्या त्या काठाला, जागा आधीच साफ करून ठेवली होती. गवतातला काटा न काटा हाताने वेचला होता, सुनेला कपडे बदलायला झावळ्यांचा वेगळा आडोसा केला होता. माझ्यासाठी कमरेला बांधायच्या आकडीसकट नवी कोयती करून आणली होती. "ही तुझी," म्हणालात. मी ती एका खुंटाला अडकवली आणि डास मारत बसलो.

ती दुपार अजून दिसते. खोपीच्या छपराचा आढा बांधायचा आहे, तुम्ही नातीचा हात धरून गाठ शिकवताय, मलाही हाक मारताय, "येरे, टोक धर." मी म्हणतो, मला अर्जंट मीटिंग आहे, इथे रेंज नाही, घरी जाऊन यावंच लागेल. तुम्ही विचारता, "गेल्याशिवाय भागाचा नाय?" मी म्हणतो, नोकरीचा प्रश्न आहे. तुम्ही व्हाळाकडे बघता आणि पुन्हा दोरी ओढायला लागता. तेच 'जा' असं समजून मी निघतो.

परत येताना चार जणांनी मला वेशीतून बाहेर पडताना पाहिलं. गावातले मानकरी खोपीपुढे जमले. आयुष्यात कधी खोटं न बोललेले तुम्ही सगळ्यांपुढे म्हणालात, "मीयाच धाडलंय तेका. काय बोलूचा आसात तर माका बोला." चौथ्या दिवशी देवाने गावात परतायचा कौल दिला नाही. अख्ख्या गावाला आणखी एक रात्र बाहेर काढावी लागली. नारळ पुढे ठेवून तुम्ही मान खाली घालून गाऱ्हाणं घातलंत. मी मागे उभा होतो. तेव्हा पुढे व्हायला हवं होतं. झालो नाही.

पाचव्या दिवशी घरी आलो तेव्हा तुम्ही सगळ्यांच्या आधी आत गेलात. मागून मी. माझ्या खोलीत पंखा फिरत होता, चार रात्री तसाच, आणि खाटेवर चादर चुरगळलेली, उशीला डोक्याचा खड्डा. लॅपटॉपची बॅग कोपऱ्यात, चेनसुद्धा उघडलेली नव्हती. तुम्ही बटण बंद केलंत, चादर सारखी केलीत आणि बाहेर येऊन आईला म्हणालात, "चाय ठेव गो." माझ्याकडे बघितलंही नाहीत. पुढल्या पावसाळ्यात तुम्ही गेलात. तुमच्यानंतर दोन गावपळणी झाल्या, मला रजा नव्हती.

परवा चुलतभावाचा फोन आला. "औंदा परत पळण आसा. तुझ्या बापाशीची जागा तशीच ठेवतंय. येतलंस मा?" मी म्हटलं, बघतो रे, ऑफिसचं जरा अवघड आहे. तुमची नात शेजारीच होती. म्हणाली, "जाऊया ना बाबा. खोप मी बांधते, तू नुसतं टोक धर."

मला टोक धरायचंय, बाबा. पण तिच्यासमोर ते धरायचं तर आधी तिला सांगायला हवं की मीटिंग नव्हतीच, तुम्ही हाक मारत होतात आणि मला पंख्याखाली झोपायचं होतं. तुम्हाला ते ठाऊक होतं. तिला नाही. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, खरं तर तिच्याच हातात द्यायला हवं. तसं ठरवूनच लिहायला घेतलं होतं. आत्ता ती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काय लिहितोयस एवढं?"

मी कागद उलटा केला आणि म्हटलं, "काही नाही. ऑफिसचं."