शेपटीतली जागा

३ तारीख, सोमवार
आलो एकदाचा! संग्रहालयाची नोकरी, मागच्या बाजूला राहायला दोन खोल्या, आणि काम करायला भरपूर उजेडाची खोली. आणखी काय हवं माणसाला? साहेबांनी आल्या आल्या काम दाखवलं: युद्धातल्या बॉम्बफेकी विमानाची प्रतिकृती, मूळ विमानाच्या सोळाव्या हिश्शाची. टेबलभर पंख पसरून बसलीये. वीस तारखेला नवं दालन उघडतंय. तोवर ही काचेच्या पेटीत उभी राहिली तर नोकरी पक्की, मग बायकोला इथे आणता येईल. लग्नाला चार वर्षं झाली, त्यातली दोन वर्षं दोन गावांत दोन चुली. वीट आलाय. आधीचा कारागीर काम अर्धवट टाकून गेला म्हणे. पण हात काय सुंदर होता गड्याचा! पत्र्यावरचा एकेक रिवेट सुईच्या टोकानं उठवलाय.
पार्सलच्या काट्यावर सहज उभा राहिलो. अडुसष्ट किलो. बायकोच्या हातचं खाऊन पंचाहत्तर होईन.

५, बुधवार
डब्यातून विमानातली माणसं काढली. बोटाएवढी, पण पापण्यासुद्धा रंगवलेल्या. चौघांच्या पायांत बूट, एक मात्र अनवाणी. राहून गेलं असेल. एकूण पाच निघाली आणि जागा आहेत सहा. सहावा शेपटीतला बंदूकवाला. बिचारा मागे तोंड करून बसतो. विमान कुठे चाललंय ते दिसत नाही, काय मागे पडलं तेवढं दिसतं. तोच नेमका गायब. साहेब म्हणाले, घडवा की तुम्हीच.

८, शनिवार
चाकं बसवली आणि विमान धपकन शेपटीवर बसलं. एक चाक नाकाखाली असलं की असं होतंच. नाकात शिसं भरायचं, संपलं. भरलं. पुन्हा धपकन! आणखी भरलं. पुन्हा तेच. शेपटीत टॉर्च मारून बघितलं. रिकामी. मग जड कशानं होतेय, डोंबल?

११, मंगळवार
नाकात आता शिसं मावत नाही. चौकीदारकाका दारातून बघत होते, म्हणाले, आधीचेही असेच चिडायचे. ते गेले कुठे, विचारलं. काका म्हणाले, जाताना कुणी बघितलंच नाही, चपला मात्र दाराशी तशाच राहिल्या. माझं डोकं फिरलेलंच होतं. ओरडलो, मग काय, मीच जाऊन बसू का त्या शेपटीत?
फोनवर बायकोला हसत हसत सांगितलं तर ती भडकली. असं अभद्र बोलू नये म्हणे, वास्तू तथास्तु म्हणते. घ्या! इथे माझं विमान उभं राहीना आणि हिला वास्तूची पडलीये.

१५, शनिवार
सहावा झाला. आरशासमोर खुर्चीत बसून स्वतःचेच हातपाय मोजले आणि सोळावा हिस्सा केला. नाकसुद्धा माझंच आलं, जरा डावीकडे वाकलेलं. पक्का चिकटवला.

१७, सोमवार
काल सकाळी पुतळा टेबलावर. पुन्हा चिकटवला. आज पुन्हा टेबलावर! कुणाला चेष्टा सुचतेय? काका शपथेवर नाही म्हणतात. जागा रिकामी आणि शेपूट आणखी जड. तोलायला म्हणून विमान उचलायला गेलो तर एकट्याला हलेना. रागारागानं काट्यावर मीच उभा राहिलो. एकसष्ट. जेवण तर दोन्ही वेळा पोटभर चाललंय.

१८, मंगळवार
चोपन्न. विजार कमरेवर राहत नाही. साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, शेपटीखाली काचेची कांडी लावा आणि मोकळे व्हा. लावली. नोकरीच्या कागदावर सही झाली. बायको परवा येतेय, सामान घेऊनच. नाचायला हवं मी. पण खुर्चीत बसतो तर खुर्ची वाजत नाही. भीती वाटतेय, कुणाला सांगू?

१९, बुधवार
विमान पेटीत ठेवायला चार माणसं लागली. मला कुणी हात लावा म्हणालं नाही. साहेबांनी माझ्या डोक्यावरून काकांना विचारलं, मी कुठे आहे. समोरच होतो की —
दार माझ्यानं ढकललं जात नाही. बायकोला येऊ नको सांगायला फोन धरला, हातातून सुटला, उचलता येईना. मेलं ते विमान! मोडून टाकायला गेलो. हातोडीही —

२०, गुरुवार
बसलोय. गुडघे दुमडून. कधी बसलो — समोर काच, पुढे बंदूक. पाठीमागे पाच जण हलक्या आवाजात बोलताहेत. वळता येत नाही. एकजण म्हणतोय, पाय गारठतात, चपला तिथेच राहिल्या —

माणसं आली. बायको आली! हातात माझा स्वेटर. साहेब तिला सांगताहेत, सकाळपासून दिसले नाहीत, येतील इतक्यात. ती पेटीपाशी वाकली. माझ्याकडेच बघतेय. अगं, मीच तो — हसली. म्हणाली, नाक बघा ह्याचं, अगदी आमच्या ह्यांच्यासारखं —

इंजिनं सुरू झाली. कुणालाच ऐकू येत नाहीयेत.
ती लहान होत चाललीये. अगं, जाऊ नको ना. थांब.
नाही, ती जागेवरच उभी आहे. मीच —