मोकळं स्टेअरिंग

चाचा, मी सध्या गाड्यांचे फोटो काढते. लग्नातल्या, फुलं चिकटवलेल्या गाड्यांचे नाही, शर्यतीच्या. आठवडाभर कचेरीत टायपिंग करते आणि सुट्टीला गळ्यात कॅमेरा अडकवून जिथं कुठं माळावर चुन्याची फक्की मारून ट्रॅक आखला असेल तिथं जाऊन उभी राहते. नाकातोंडात धूळ जाते, संध्याकाळी घरी आले की आंघोळीचं पाणी लाल होतं, आणि घरचे म्हणतात या वयात हे काय खूळ. तुम्ही काय म्हणाला असतात ते मला विचारावं लागत नाही, कारण ते तुम्ही म्हणून झालंय. मी कॉलेजात होते, बायकांच्या बैठकीत फोटो काढायला मुलगी हवी म्हणून तुम्ही मला स्टुडिओत घेतलं होतं, आणि एका लग्नाला जाताना रस्त्यात शर्यतीच्या मोटारसायकली निघालेल्या दिसल्या तर मी निम्मा रोल त्यांच्यावर उडवला होता. तुम्ही ओरडला नाहीत. चष्मा कपाळावर सरकवलात आणि म्हणालात, "गाडीचे फोटू मी बी काढतो, बेटी. पोलीस बोलवत्यात तवा." मग मला डार्करूममध्ये घेऊन गेलात. लाल दिवा लागलेला आहे, तुम्ही ट्रेमध्ये कागद हलवताय, माझ्या नाकात त्या औषधाचा आंबूस वास बसलाय, आणि पांढऱ्या कागदावर हळूहळू एक जीप वर येते आहे, चारही चाकं आभाळाकडे केलेली. तुमच्या लेखी गाडीचा फोटो म्हणजे हाच, पंचनाम्याचा.

त्याच जीपमध्ये गेलेल्या माणसाची बायको पुढे स्टुडिओत आली होती, आठवतं का? दारातच उभी राहिली आणि म्हणाली, फोटो दाखवा. मला वाटलं तुम्ही काहीतरी सांगून तिला वाटेला लावाल. तुम्ही खुर्ची पुढे केलीत, पाण्याचा तांब्या ठेवलात आणि सगळे प्रिंट तिच्यासमोर मांडलेत. ती गेल्यावर मी आत जाऊन रडले, तर तुम्ही माझ्यावरच खेकसलात, "तू कावून रडतीस? न्हाई दाखवलं आसतं तर घरी बसून याच्याहून वंगाळ बघत बसली आसती. न मागता कुनाला दाखवायचं न्हाई, आन मागितलं की लपवायचं न्हाई." तेव्हा तुम्ही मला दगडाच्या काळजाचे वाटलात, हे आज सांगायला हरकत नाही. आणि गेले काही महिने तुमच्या या एका वाक्यानं माझा जो छळ मांडलाय, त्याबद्दल तुमच्याशी भांडावं म्हणून हे लिहायला बसले आहे.

संक्रांत झाल्यावर धारूरच्या बाहेर माळावर शर्यत होती. मी वळणाच्या पुढे, जिथं आयोजकांनी जागा आखून दिली होती तिथंच, टायरांच्या भिंतीमागे उभी होते. मोठी लेन्स लावली की एक डोळा भिंगात आणि दुसरा मिटलेला, बाकी जगाशी आपला संबंध संपतो. धावती गाडी चौकटीत धरायची तर तिच्याबरोबर कमरेतून वळत राहावं लागतं; जरा मागे पडलं की गाडी निसटते. त्या दिवशी लिंबागणेशच्या बाजूचा एक गॅरेजवाला शर्यतीत उतरला होता. तिशीचा गडी, जुनी छोटी मोटार त्यानं स्वतःच उघडून पुन्हा बांधलेली, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा. त्याची गाडी वळणावर आली, मी बटण दाबून धरलं, आणि मला वळावंच लागेना. गाडी चौकटीच्या मधोमध बसली होती, हलत नव्हती, नुसती मोठी होत होती. चाचा, मी खूश झाले. म्हटलं आज हात काय स्थिर आहे. जी गाडी चौकटीत जागची हलत नाही ती सरळ आपल्याच अंगावर येते आहे, ही साधी गोष्ट भिंगाला डोळा लावलेल्या बाईच्या ध्यानात येत नाही. बायका किंचाळल्या तेव्हा मी कॅमेरा खाली घेतला. गाडी टायरांवर आदळून माझ्या डाव्या हाताला आडवी पडली होती आणि तिचं एक चाक फिरत होतं. माझे पाय जागचे हलेनात. पंचनाम्याला आलेल्या माणसासारखी मी नुसती बघत उभी.

तो बाहेर यायच्या आतच भोंग्यावरच्या निवेदकानं जाहीर करून टाकलं की फोटोवाल्या बाईंना वाचवण्यासाठी ड्रायव्हरनं जिवावर उदार होऊन गाडी वळवली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. त्याला पिंजऱ्यातून ओढून काढलं, खांद्याजवळचं हाड मोडलं होतं, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत ती गोष्ट सगळ्या तालुक्यात पोचली होती. तो स्वतः तसं काही बोलला नाही. नाही म्हणालाही नाही.

त्या रात्री मी फोटो कॉम्प्युटरवर घेतले. शेवटच्या फोटोत धुळीचा कण न् कण मोजता येतो. असा लख्ख फोटो मला आयुष्यात जमला नव्हता आणि पहिल्यांदा मला त्याचाच आनंद झाला, याची लाज वाटते. मग मोठा करून बघितला. काचेमागे त्यानं दोन्ही हात हेल्मेटवर गच्च दाबले आहेत, कोपरं वर, जशी लहान पोरं मार चुकवायला धरतात. स्टेअरिंग मोकळं आहे. पुढचं एक चाक आधीच्या गाड्यांनी पाडलेल्या चाकोरीत उतरलंय आणि त्या चाकोरीनं गाडी वळवली. त्यानं मला वाचवलं नव्हतं. मला कुणीच वाचवलं नव्हतं. मी फोटो कॉम्प्युटरच्या एका कोपऱ्यात टाकून ठेवला आणि दिवा मालवला.

पुढच्या आठवड्यात त्याची आई घरी आली. "माझ्या लेकानं वाचवलेली बाई बघावं म्हनलं," असं म्हणत तिनं पिशवीतून नारळ आणि तांदूळ काढले आणि माझी ओटी भरली. मी पदर पुढे केला, काय करणार? ती बोलत होती. आजवर या गाडीपायी तिनं लेकाशी रोज भांडण केलं होतं, दोनदा किल्ली विहिरीत टाकली होती. "आता न्हाई आडवायची, ताई. ज्याचे हात अशा वक्ताला चालत्यात, त्याला मी कोन आडवनार? घाटातली शर्यत हाय म्हनं, तितं बी जाऊ द्या." मी चहा टाकायला आत गेले. घाटात टायरांची भिंत नसते. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, आणि तिथं एकदा हात सुटले की मग तुमचंच काम, पंचनाम्याच्या फोटोंचं. पण तिनं फोटो मागितला नव्हता, आणि न मागता दाखवायचा नव्हता. मी चहा गाळला आणि बाहेर आणला.

मागितला तो त्यानं. हात गळ्यातल्या झोळीतून निघेपर्यंत होळी होऊन गेली होती आणि त्याचे मेसेज सुरू झाले. मॅडम, त्या टायमाचा फोटो हाय का. मॅडम, गॅरेजवर फ्लेक्स लावायचाय. मी आज बघते, उद्या बघते करत राहिले. कचेरीत फोन वाजला की मी तो पालथा घालून टायपिंग करत राही. एकदा तर मी फोटो पुसायला बोट ठेवलं होतं, तेवढ्यात तुमचा तो पाण्याचा तांब्या डोळ्यांपुढे आला आणि मी बोट काढून घेतलं. घाटातली शर्यत रविवारवर आली. शेवटी गुरुवारी संध्याकाळी मीच त्याच्या गॅरेजवर गेले. त्यानं हात पुसून स्टूल दिलं. मी लॅपटॉप उघडला, फोटो लावला आणि दुसरीकडे बघत बसले.

त्यानं खाली वाकून फोटोतले हात बोटानं दाखवले. "हे माजेच हायत न्हवं, मॅडम?"

"हो."

"मला काई आठवत न्हवतं. सगळे म्हनत व्हते तू वळवली, तू वळवली. मला आठवतं ते डायरेक्ट दवाखान्यात. मनात म्हनलं, फोटूत तरी दिसंल." तो स्टुलाशेजारी जमिनीवरच बसला. "म्हनून मागत व्हतो. फ्लेक्सचं काई न्हाई."

मी त्याला म्हणाले की माझ्याही हातून तेव्हा काही झालं नाही, पाय चिकटल्यासारखी उभी होते. त्यानं लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, "रविवारी न्हाई जात. पन आईला न्हाई कळू द्यायचं. ती गावभर सांगून बसलीय."

काल सकाळी त्याच्या आईचा फोन आला. लेकानं गाडीवर ताडपत्री टाकलीय, विचारलं तर इंजिनाचं काम निघालं म्हणतो, पण तिला त्याचं तोंड बरोबर दिसत नाही. "तुमी गॅरेजवर येऊन गेलात म्हनं, ताई. त्याला फोटू दाखवला म्हनं. काय हाय त्या फोटूत? मला बी दाखवा की. माझ्या लेकाचे हात मला बी बघू द्या."

मागितलं होतं तिनं, स्पष्ट शब्दांत, आणि तुमच्या हिशेबात पुढे एकच गोष्ट बसते. फोन कानाशी धरून मी तुमच्या वाक्याची वाट बघत राहिले आणि ते आलंही. मी त्याचं ऐकलं नाही, चाचा. मी तिला सांगितलं की त्यात बघण्यासारखं काही नाही, ऐन वेळी माझाच हात हलला आणि फोटो बिघडला. ती म्हणाली, जाऊ द्या ताई, नवीन मानसाकडून व्हतं असं.