बुटांच्या तीन खेपा

लाहेकेर्क,
९ जून १९७८

ती. नीस्येताईस,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम, वि. वि.

तुझं पत्र नाही म्हणजे तुझं कोबीचं लोणचं बिघडलं असणार आणि ते कबूल करायची तुला लाज वाटते आहे, असं रूलोफ म्हणाला. मी त्याला म्हटलं, माझ्या ताईचं काही बिघडत नाही, तुझ्याच बहिणींचं बिघडतं. तेव्हापासून नवरोबा लोणच्याला हात लावत नाहीत.

आमची सीना चार दिवस तापानं पडून आहे. रविवारी देवळात बसली तेव्हाच तोंड उतरलं होतं. उपदेश सुरू व्हायच्या आत पेपरमिंटची गोळी संपवणारी पोर ती, पण त्या दिवशी गोळी तशीच मुठीत राहिली. साधा सर्दीताप असेल. सहा वर्षांच्या पोरांना ताप यायचाच. मान दुखते म्हणते आणि उचलून घे म्हणते, एवढी मोठी घोडी झाली तरी!

पलीकडच्या गावात पोलिओ झालेलं एक पोर निघालं, म्हणून एप्रिलअखेर नर्सबाई आमच्या दारी आल्या होत्या. लस टोचून घ्या म्हणाल्या. मी कॉफी दिली, बिस्किट दिलं आणि नको म्हटलं. खरं सांगते, धाकट्या हार्मला कडेवर घट्ट धरून उभी होते, मनात धाकधूक होती. पण मार्चमध्ये आमच्या भगिनी मंडळात तू बोललीस ते आठवलं. धडधाकट माणसानं वैद्याचं दार कशाला ठोठावावं, ज्यानं लेकरू दिलं तो ते सांभाळायला विसरतो का, म्हणालीस. बायका अजून तुझं नाव काढतात. तूच मला तारलंस बघ.

सीनासाठी प्रार्थना कर. बेरेंटभावजींना सलाम, फेन्ना-लुकासला पापे. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी,
मार्ख्ये

*

ओस्टरवेर,
१२ जून १९७८

चि. मार्ख्येस,
अनेक आशीर्वाद.

पत्र आत्ताच मिळालं. हे मिळताक्षणी डॉक्टरला बोलव. उद्यावर टाकू नकोस. रूलोफ काय म्हणेल, मंडळीतले वडीलधारे पंच काय म्हणतील, ते मागाहून बघू. मान दुखते हे मला बरं वाटत नाही. पाय हलवते का नीट? तेवढं बघ आणि कळव.

फोन करणार होते, पण आमचा फोन दुकानाच्या दारात, बेरेंट आणि चार गिऱ्हाइकं कान देऊन असतात. प्रार्थना करते आहे. लोणचं उत्तम आहे, असं रूलोफला सांग.

तुझी,
नीस्ये

*

लाहेकेर्क,
२२ जून १९७८

ती. ताईस,
सलाम, वि. वि.

पोलिओच आहे. तुझं पत्र आलं त्या सकाळी सीना पलंगावरून उतरायला गेली आणि कोसळली. उजवा पाय हलेना. आता ती शहरातल्या रुग्णालयात आहे. आम्हाला काचेबाहेरून बघू देतात. तिनं मला हात केला आणि मग पाठ फिरवली. मी तिला तिथं टाकून आले असं तिला वाटतं. पाय पहिल्यासारखा व्हायचा नाही, असं डॉक्टर स्पष्टच म्हणाले.

पाळकबाबा येऊन गेले. चांगलं बोलले, रडलेही. पण माझ्या मनातलं त्यांना सांगता येईना, तुला सांगते. मेअखेर आबांच्या वाढदिवसाला सीना, फेन्ना आणि लुकास एकाच वाडग्यातून स्ट्रॉबेऱ्या खात होती, एकच चमचा तिघांत. तुझी दोन्ही सुखरूप राहिली. सुखरूप आहेत ना? देवाची शपथ, मला हेवा वाटत नाही. पण असं का झालं, एवढं कळतं आहे. तुझा भरवसा पुरा होता. माझा नव्हता. नर्सबाईंना नको म्हणताना मी आतून घाबरले होते आणि देवाला ते दिसलं. माझ्या अर्ध्या भरवशाची किंमत माझ्या लेकीच्या पायानं भरली.

पुरा भरवसा कसा ठेवतात, ताई? अजून हार्म आहे. दहा महिन्यांचा. परवापासून टेबल धरून उभा राहतो. मला शिकव.

तुझी अभागी,
मार्ख्ये

*

ओस्टरवेर,
२५ जून १९७८

मार्ख्ये,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

तुझा भरवसा कमी पडला नाही. माझ्या मुलांना लस टोचलेली आहे.

पाच वर्षं झाली. लग्नाआधी मी झ्वोलेला रुग्णालयात धुणं धुवायची, तुला आठवतं. तिथं श्वासाच्या यंत्रात ठेवलेलं एक पोर मी पाहिलं होतं, नुसतं डोकं बाहेर. फेन्ना झाल्यावर ते डोकं माझ्या डोळ्यांपुढून हलेना. बेरेंटला म्हटलं, पोरांना बूट घ्यायला जाते. शेताकडच्या थांब्यावरून बस धरली, कोणी बघू नये म्हणून. एकदा टोचून भागत नाही, तीनदा जावं लागलं. तीनदा बुटांचीच थाप मारली. बेरेंट हसून म्हणाला होता, या पोरांचे पाय वाढतात तरी किती! 

मग तुमच्या मंडळात का बोललीस, असं तू विचारशील. मंडळीतल्या एका पंचांच्या बायकोनं गळ घातली, नाही म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं, हे खरं. पण पुरतं खरं ते नाही. मला बोलायला आवडलं, मार्ख्ये. बायका डोळे पुसत होत्या. तू पहिल्या बाकावर बसून माझ्याकडे अशी बघत होतीस की मीच माझ्यावर विश्वास ठेवला. आणि घरी जाऊन माझी लस टोचलेली पोरं मी निर्धास्त झोपवली.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच हे लिहायला हवं होतं. लोणच्याचं लिहिलं. त्यानंतरही तेरा दिवस मी गप्प होते, फक्त माझी अब्रू जाईल म्हणून. तुझी पोर तापानं पडून होती आणि मला अब्रू सुचत होती. काल बेरेंटला सगळं सांगितलं. तो दुकानामागच्या गुरांकडे निघून गेला आणि रात्री तिथंच झोपला.

क्षमा कर म्हणायलाही तोंड नाही. पण तू स्वतःला दोष देऊ नकोस, एवढ्यासाठी लिहिलं. देवानं तुझ्यावर सूड घेतला नाही. मी तुला फसवलं.

नीस्ये

*

लाहेकेर्क,
३ जुलै १९७८

ताईस,

पत्र वाचून मी आधी हसले. रूलोफला वाटलं मला वेड लागलं. अगं, किती दिवस मी स्वतःचं मन कोळपून काढत होते की माझ्या श्रद्धेत कुठं तण राहिलं! मग तुझं लोणच्याचं पत्र शोधून काढलं आणि चुलीत घातलं. त्याच्या मागोमाग आबांच्या वाढदिवसातला तुझा फोटो घालणार होते, पण त्यात सीना दोन्ही पायांवर उभी आहे.

मला सगळ्यात काय लागलं सांगू? तू घाबरली होतीस. मीही घाबरले होते. एकदा, एकदाच मला म्हणाली असतीस, मार्ख्ये, मला भीती वाटते, तर मीसुद्धा बूट घ्यायला आले असते. आपण दोघी एका बाकावर बसून गेलो असतो. तू मला भाषण दिलंस आणि बस एकटीनं धरलीस.

पाळकबाबा म्हणतात क्षमा कर. करीन. ख्रिस्ताची आहे, करावीच लागेल. पण अजून केलेली नाही. झाली म्हणून लिहिणं म्हणजे पुन्हा भाषणच. देवावरचा भरवसा मात्र गेलेला नाही, उलट आता त्याच्याशी मी भांडते तरी.

आता नीट वाच. येत्या गुरुवारी तू इकडे येशील. आपण हार्मला टोचायला नेऊ. शेताकडच्या थांब्यावरून नव्हे. देवळासमोरच्या थांब्यावरून, दहाच्या बसनं. बरोबर दहाला मंडळाच्या बायका आत जातात, त्यातल्या निम्म्या जणींच्या कडेवर लेकरं असतात. कोणी विचारलं कुठं चाललात, तर उत्तर तू द्यायचंस. माझ्या तोंडाकडे बघायचं नाही. आणि बूट म्हणालीस तर तिथंच तुला सोडून जाईन.

रूलोफला गुरुवारचं सांगितलं. म्हणाला, मी काही येणार नाही. आज सकाळी बघते तर हार्मचा रविवारचा कोट खिडकीत हवेला टांगलेला. मी टांगला नव्हता.

लोभाचं पुढं बघू. गुरुवार चुकवू नकोस.

मार्ख्ये